पारबतामायचा सायेब

पारबतामाय फुलं आणि भाजी विकायची, पण तिला गुलाब हा शब्द उच्चारता येत नसे. जिभेत काही दोष नव्हता. अमरावतीच्या भाजीबाजारात तिच्याशी भाव करताना भलेभले पागोटेवाले गारद झालेले मी पाहिले आहेत. अडचण एवढीच होती की तिच्या नवऱ्याचं नाव गुलाबराव होतं. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, आणि त्या नावासारखं दुसरं काही असेल तर तेही घ्यायचं नाही, असा तिच्या माहेरचा कायदा होता. गिऱ्हाईक विचारी, "गुलाब हाय काय?" ती म्हणे, "हाय. लाल देऊ का पांढरं?" एरवी ती त्याला काट्याचं फूल म्हणे. गुलाबी लुगडं तिच्या भाषेत फिक्कट लाल असे. पंगतीत गुलाबजाम आले तर ती नुसतं बोट दाखवी. गुलालही तिनं, उगाच धोका नको म्हणून, सोडून दिला होता.

आम्ही तिचे भाडेकरू. माझं माहेर साताऱ्याकडचं. लग्न करून मी अमरावतीला आले ती ह्यांच्या कचेरीतल्या नोकरीमुळे. त्या वेळी वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं, अंमल इंग्रजांचा होता आणि हुकूम नागपूरहून यायचे. आपण नक्की कोणाची चाकरी करतो हे ह्यांना कधी सांगता आलं नाही, पण पगार वेळेवर येई. गावाच्या कडेला गुलाबरावांचा मळा होता. काळी जमीन, विहिरीवर मोट, वांगी, पालक, मेथी, एका अंगाला शेवंती आणि ते काट्याचं फूल. मळ्याला लागून त्यांचं घर आणि त्याच अंगणात आमच्या दोन खोल्या. मधोमध कडुनिंब.

पहिल्या दिवशी मी सामान लावत होते. बाहेरून आवाज आला, "बाई, पानी ठेवून जातो मी." मला वाटलं कोणी गडी आहे. पदर सावरून बाहेर आले तर ही उभी. इकडे बायकाही "येतो, जातो" म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, कपाळावर भलंमोठं कुंकू, काखेत पाण्यानं भरलेली घागर.

"मालकाचं नाव काय तुमच्या?" तिनं विचारलं.

मी चार इयत्ता शिकलेली होते आणि त्याचा मला थोडा माज होता. "सदाशिव," मी सांगितलं.

तिनं घागर खाली ठेवली. "बाई," ती म्हणाली, "तोंड धुवा."

"का?"

"काहून म्हन्जे? मालकाचं नाव घेतलं तुमी. आडनाव सांगाचं असते. चूळ भरा आंदी."

अमरावतीच्या पाण्याचा पहिला तांब्या मी असा वापरला. पुढं कित्येक वर्षं त्या अंगणात माझ्या तोंडून ह्यांचं नाव निघालं नाही. तिच्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांदा चूळ भरायची माझी छाती नव्हती.

गुलाबराव तिच्या खांद्याला लागत. हळू बोलणारा माणूस. बैलांशी बोलत, वांग्यांशी बोलत, आणि वेळ उरला तर माणसांशी. त्यांना हाक मारायची तर पारबतामाय परात वाजवी. एकदा वाजली तर जेवण, दोनदा वाजली तर पाहुणा, आणि वाजतच राहिली तर बैल पालकात शिरला. विहिरीवरून गुलाबरावांना त्या परातीच्या आवाजावरून तिचा मिजाससुद्धा कळत असे. एकदा मला म्हणाले, "आज परात गरम हाय, बाई. मी जराशा वेळानंच जातो."

सायेब आला तो झारीबरोबर. एका कापूस कंपनीचा गोरा साहेब कॅम्पात राहायचा आणि त्याच्या बंगल्यावर भाजी गुलाबराव घालायचे. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्यानं सामान वाटून टाकलं. गुलाबराव झाडांना पाणी घालायची झारी मागायला गेले होते. परत आले तेव्हा एका हातात झारी होती आणि दुसऱ्या हातात पिंजरा.

"झारी मांगतली," ते म्हणाले, "तं हे बी देल्लं."

पिंजऱ्यात राखेच्या रंगाचा एक पक्षी होता. शेपूट तेवढं लालभडक. हा आफ्रिकेतला पोपट आहे, आणि जपला तर माणसाएवढा जगतो, असं साहेबानं सांगितलं होतं. गल्लीनं ते मान्य केलं नाही. पोपट हिरवा असतो. शेजारच्या वकीलीणबाईंच्या मते ते कबुतर होतं. पारबतामायनं पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला. "पोपटच हाय. बोटीतून आला ना, पान्यानं रंग गेला थ्याचा." खात्री करायला तिनं ओल्या फडक्यानं त्याची पाठ पुसून पाहिली. रंग निघाला नाही. तिच्या अंगठ्याचं थोडं कातडं निघालं.

पहिले काही दिवस तो गप्प होता. मग एका दुपारी गुलाबराव जेवत असताना अंगणातून साहेबाचा आवाज आला, "बॉय!" गुलाबराव हातातला घास टाकून उभे राहिले आणि म्हणाले, "जी सायेब." तेव्हापासून पक्ष्याचं नाव सायेब पडलं.

आपले हिरवे पोपट शब्द उचलतात, पण बोलतात स्वतःच्याच किनऱ्या आवाजात. सायेब शब्द उचलायचा तो माणसाच्या आवाजासकट. त्याच्या गळ्यात साहेबाचा खोकला होता, सोड्याची बाटली फोडल्याचा आवाज होता, पेल्यात काहीतरी ओतल्याचा होता, आणि शेवटी साहेबाचा समाधानाचा सुस्कारा होता. साहेब विलायतेला पोचला असेल, पण त्याची संध्याकाळ आमच्या कडुनिंबाखाली रोज व्हायची.

वऱ्हाडी शिकायला सायेबाला वेळ लागला नाही. गुलाबराव मोट हाकत त्याच वेळी त्याचा पिंजरा विहिरीजवळच्या फांदीला टांगलेला असे. बैलांना मागं सरकवायची गुलाबरावांची हाळी त्यानं जशीच्या तशी उचलली. मग बैल मोट ओढत उताराच्या मध्यावर आले की वरून हाळी येई आणि बैल मुकाट्यानं मागं सरत. अर्धी मोट पुन्हा विहिरीत. दोन वाफे सुकले तेव्हा गुलाबरावांनी आपली हाळी बदलली. बैलांना नवी हाळी समजायला आठवडा लागला. सायेबाला ती दुसऱ्या दिवशीच आली. शेवटी पिंजरा अंगणात हलवला.

तिथं तो पारबतामायचा झाला. बाकी सगळ्यांना तो चावे, आम्हाला, वकीलीणबाईंना, न्हाव्याला. तिच्यापुढं मात्र मान वाकवून उभा राही, आणि ती बाजारातून आल्यावर लुगड्याचं टोक खोचून, मानेवरची पिसं उलटी करून त्याला खाजवत बसे. त्याच्या अंगाची पांढरी भुकटी तिच्या लुगड्यावर पडे, तीही ती झटकत नसे. सायेबाला ज्वारीची भाकरी लागे, हिरवी मिरची लागे, शेंगदाणे लागत. संत्र्यांच्या दिवसांत वरूडकडून टोपली आली की ती संत्रं सोलायची, फोडीवरचे दोरे काढायची, बी काढायची आणि मग सायेबाला भरवायची. गुलाबरावांना उभ्या आयुष्यात तिच्या हातचं सोललेलं संत्रं मिळालं नव्हतं. ते सालीसकट हातात मिळे. त्यांची तक्रार नव्हती. "थो परदेसी हाय," ते म्हणत.

संध्याकाळी ती तिचं जुनं लुगडं पिंजऱ्यावर टाकी. आतून सोड्याची बाटली फुटे, सुस्कारा येई आणि दिवस संपे.

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू मी अंगणातच केलं. गल्लीतल्या बायका कडुनिंबाखाली बसल्या होत्या. तिळगूळ झाला आणि नाव घ्यायचा आग्रह सुरू झाला. एरवी नवऱ्याचं नाव तोंडातून न काढणाऱ्या बायका त्या दिवशी चांदीच्या ताटात, सोन्याच्या वाटीत, मिळेल त्या भांड्यात ते यमकासकट घालून मोकळ्या होत. एवढी सवलत सगळीकडे आहे. पारबतामाय मात्र तीही घेत नसे. लग्नात ती एवढी लहान होती की नाव घ्यायच्या वेळी झोपून गेली, आणि तिच्या मावशीनं परस्पर उखाणा उरकला, असं गुलाबराव सांगत.

"घ्या ना पारबताबाई, एकदाच," वकीलीणबाई म्हणाल्या.

"मले नाई येत," पारबतामाय म्हणाली, आणि तिळाची वाटी पुढं सरकवली.

तेवढ्यात वरून आवाज आला, "गुलाबराव."

आवाज पारबतामायचा होता. पारबतामाय समोर बसली होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं.

"ओ गुलाबराव," सायेब म्हणाला. "दमले काय?"

बायकांच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. आवाज तिचाच होता, यात शंका नव्हती. पण त्या स्वरात ती बोललेली आम्ही कोणी कधी ऐकलेली नव्हती. बाजारातला नव्हता, परातीजवळचा नव्हता. इतका मऊ होता की आम्ही सगळ्या उगाच इकडेतिकडे पाहू लागलो.

"घेतलंत तर नाव!" वकीलीणबाई म्हणाल्या.

"मी नाई घेतलं. थ्यानं घेतलं."

"पण आवाज तर तुमचा."

"चोरटा हाय थो. लोकायचे आवाज चोरते," पारबतामाय म्हणाली. ती उठली आणि भर दुपारी पिंजऱ्यावर लुगडं टाकलं. आतून एकदा "बॉय!" एवढंच आलं.

साऱ्या गल्लीनं ऐकलं. ज्यांचं नाव होतं ते तेवढे विहिरीवर होते, आणि मोटेच्या करकरीत त्यांना काही ऐकू गेलं नाही.

होळीच्या सुमारास गुलाबराव अंथरुणाला खिळले. मुदतीचा ताप. डॉक्टर येऊन गेले, पेज आणि औषध सुरू झालं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पारबतामाय माझ्या दाराशी येऊन बसली. तिला माझ्या दाराशी नुसतं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"माही थोरली बहीन होती," ती म्हणाली. "तिचा मालक बांधावर हुभा, अन् पायाजवळ जनावर. हाक माराले दुसरं कोनी नव्हतं थिथं. तिनं नाव घेऊनच बोंब मारली. थो मांगं वळला, अन् पाय थ्याच्यावरच पडला. सारा गाव म्हने, बायकोनं नाव घेतलं, म्हनून गेला."

"पारबतामाय, तो साप चावून गेला."

"साप चावला हे मले बी समजते, बाई. पन नाव बी घेतलंच होतं ना."

मी आतून पाण्याचा तांब्या आणला. तो बाजूला ठेवून ती म्हणाली, "दुपारी घरात कोनी नसे. एक दिवस वाटलं, म्हनून पाहाव. कसं लागते तोंडाले. सारा बाजार म्हनते, मीच नाई. मंग रोजच म्हनाले लागलो. भिताडापुढं म्हनलं असतं तं चाललं असतं. पाखरापुढं म्हनलो, हे चुकलं."

आणि ती रडली. मोठ्यानं नाही, पण मला ते ऐकवेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि चार इयत्ता शिकल्याचा माझा माज त्या दिवशी काही कामाला आला नाही.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून तिचा भाऊ आला आणि सायेबाला घेऊन गेला. पिंजरा लुगड्यात गुंडाळलेला होता. बडनेऱ्याला गाडी बदलताना फलाटावर लुगड्यातून आवाज आला, "बॉय!", आणि एक हमाल धावत येऊन कोणाचं सामान म्हणून विचारू लागला. अकोल्याला पोचल्यावर मात्र सायेब गप्प झाला. भावाच्या घरी त्यानं एक शब्द काढला नाही.

गुलाबराव बरे झाले. डॉक्टर म्हणाले औषधानं, पारबतामायनं कडुनिंबाखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. उठून बसू लागल्यावर न्हावी दाढी करायला आला. दाढी करताना न्हावी काय काय सांगतो हे मी वेगळं सांगायला नको. त्या संध्याकाळी गुलाबराव काठी टेकत माझ्याकडे आले.

"बाई, तुमी होत्या ना संक्रांतीले थिथं? कसा म्हनला थो?"

मी सांगायला गेले, पण सांगता येईना. शब्द सांगता आले, तो स्वर मला कुठून यावा? ते मान हलवत ऐकत राहिले.

"सारा गाव मले नावानं बोलावते, बाई," ते म्हणाले. "मामलेदाराचा शिपाई बी बोलावते. घरातल्या मानसाच्या तोंडून उमर गेली तरी नाई ऐकलं. पाखराच्या तोंडून ऐकलं असतं, तं कोनाचं काय जात होतं?"

पायांत ताकद नसताना ते अकोल्याला गेले आणि सायेबाला घेऊन आले. पारबतामायनं दारातून पिंजरा पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. सायेबानं छातीची पिसं उपटून टाकली होती. खालचं कातडं दिसत होतं. तिला पाहून त्यानं मान वाकवली, तिनं हात पुढं केला, मागं घेतला, आणि शेवटी पुढं केलाच.

पण बोलणं त्यानं सोडलं ते सोडलंच. गुलाबराव रोज दुपारी पिंजऱ्यासमोर पालकाच्या जुड्या बांधत बसू लागले. जुड्या संपल्या की सोडून पुन्हा बांधत.

"कायले बसता थिथं?" ती विचारी.

"सावली हाय."

सावली आमच्या दाराशी जास्त चांगली होती, पण तिथं ते कधी बसले नाहीत. एके दिवशी सायेबानं गळा फुगवला. गुलाबरावांच्या हातातली जुडी थांबली. सायेबानं सोड्याची बाटली फोडली आणि डोळे मिटले. गुलाबराव पुन्हा जुडी बांधू लागले.

मी तिला एकदा म्हटलं, "पारबतामाय, त्यांना काय ऐकायचंय ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मालूम हाय."

"मग एकदा म्हणा ना."

"अन् यायले काही झालं तं? तुमी देसान भरून?"

मी परत तो विषय काढला नाही.

पावसाळ्याच्या आधी ह्यांची बदली बुलढाण्याला झाली. निघायच्या दिवशी टांगा फाटकाशी उभा होता, हे टांगेवाल्याला पेट्या कशा रचाव्यात ते शिकवत होते. आम्ही नको नको म्हणत असताना गुलाबराव आमचा बिछाना डोक्यावर घेऊन निघाले. ताप जाऊन इतके दिवस झाले, तरी त्यांना धाप लागत होती. मी कुंकवाचा करंडा घेऊन पारबतामायला शोधत आले.

ती कडुनिंबाखाली पाट टाकून पिंजऱ्यासमोर बसली होती. पाठ आमच्याकडे. हातात एक शेंगदाणा.

"म्हन," ती सायेबाला दटावत होती. "गुलाबराव. म्हन, गुलाबराव."

मी जिथल्या तिथं उभी राहिले. माझ्या मागं चाललेली पावलंही थांबली.

"इसरला थो," ती मान न वळवता म्हणाली. कोणी तिला विचारलं नव्हतं. "शिकवून राह्यलो थ्याले. पाखराले शिकवलं तं दोष नाई लागत." आवाज बाजारातल्यासारखा खणखणीत होता, पण ती भ्यालेली होती. तिला मी तशी कधी पाहिली नव्हती.

मग तिनं मान खाली घातली, आणि संक्रांतीला आम्ही सगळ्यांनी ऐकलेला तो आवाज या वेळी तिच्या स्वतःच्या तोंडून आला.

"ओ गुलाबराव. दमले काय?"

सायेबानं एका डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं, शेंगदाण्याकडे पाहिलं आणि साहेबाच्या आवाजात म्हणाला, "बॉय!"

फाटकापासून टांगेवाला बिछान्यासाठी ओरडत होता. बिछाना गुलाबरावांच्या डोक्यावर होता, आणि ते जागचे हलले नव्हते.

"नाई वं," ते म्हणाले. "नाई दमलो."